हिवाळ्यातील वाहनचालन आणि इंजिन ऑइलची प्रकृती

हिवाळा सुरू झाला की बॅटरीची, टायरमधील हवेची आणि काचेवर साचणाऱ्या दहिवराची चर्चा होते. इंजिनात डोळ्यांआड फिरणाऱ्या तेलाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गाडी थोडी चालली, म्हणजे तेलही थोडेच वापरले गेले, असा सर्वसाधारण समज आहे. या ऋतूत तो बहुधा खोटा ठरतो. दररोज दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीचे तेल महामार्गावर शेकडो किलोमीटर धावणाऱ्या गाडीच्या तेलापेक्षा लवकर खराब होऊ शकते. याचे कारण केवळ हवेतील थंडी नाही. इंजिन पुरते तापण्यापूर्वीच ते बंद करण्याची आपली सवय त्यामागे असते. हे कसे घडते, ते कसे ओळखावे आणि त्यावर उपाय काय, याची माहिती या लेखात दिली आहे.

तेलाची कामे

इंजिन ऑइल धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये पातळ थर धरून घर्षण कमी करते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याची कामे एवढ्यावर संपत नाहीत. पिस्टन आणि बेअरिंग यांची उष्णता ते वाहून नेते, पिस्टन रिंगांच्या फटी भरून काढते, काजळी व इतर मळ स्वतःमध्ये तरंगत ठेवून फिल्टरपर्यंत पोहोचवते आणि ज्वलनातून निर्माण होणाऱ्या आम्लांचा प्रभाव नाहीसा करते. यासाठी मूळ तेलात अनेक रासायनिक पूरके मिसळलेली असतात. मळ धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, गंज रोखणारी आणि झीज कमी करणारी अशी त्यांची विभागणी करता येते. तेल ‘संपते’ म्हणजे ते कमी होते असे नव्हे. ही पूरके खर्ची पडतात आणि तेलात नको ते पदार्थ साठत जातात. हिवाळ्यात या दोन्ही क्रिया वेग घेतात.

थंडी आणि तेलाचा दाटपणा

तापमान उतरले की तेल घट्ट होते. डब्यावर ‘५ डब्ल्यू-३०’ किंवा ‘१५ डब्ल्यू-४०’ असे जे आकडे असतात, ते याच गुणधर्माविषयी सांगतात. ‘डब्ल्यू’ हे अक्षर इंग्रजीतील ‘विंटर’ या शब्दाचे आहे. त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वर्तन दाखवतो, तर नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे तापलेल्या इंजिनात, तेल किती दाट राहते हे सांगतो. ही वर्गवारी अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स’ या संस्थेच्या ‘जे ३००’ या मानकात दिलेली आहे.

या मानकात थंडीच्या दोन वेगवेगळ्या कसोट्या आहेत. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरेल इतके तेल सैल आहे का, ही पहिली कसोटी. दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची आहे. इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधील तेल पंपाला ओढून घेता येईल का, हे ती पाहते. ५ डब्ल्यू तेलाची पहिली चाचणी उणे ३० अंशांवर आणि दुसरी उणे ३५ अंशांवर होते. १५ डब्ल्यूसाठी हीच तापमाने उणे २० आणि उणे २५ अशी आहेत, तर २० डब्ल्यूसाठी उणे १५ आणि उणे २०. दुसरी चाचणी मुद्दाम पाच अंश अधिक थंडीत घेतली जाते. इंजिन सुरू झाले आणि तेल मात्र वर चढलेच नाही, असा प्रसंग येऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

असा प्रसंग प्रत्यक्षात घडलेला आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील साउथ डाकोटा राज्यातील सू फॉल्स या शहरात एका हिवाळ्यात अनेक मोटारींची इंजिने निकामी झाली. त्या गाड्यांतील तेल तत्कालीन नियमांनुसार चाचण्यांमध्ये उत्तीर्ण झालेले होते. मात्र त्या चाचण्यांत तेल झटपट थंड केले जाई. सू फॉल्समध्ये ते सावकाश थंड होत गेले आणि त्यातील मेणाच्या स्फटिकांना एकमेकांत गुंतून जाळे विणायला वेळ मिळाला. तेल खरवसासारखे गोठले. पंपाने तोंडाजवळचे तेल ओढून घेतले, तेथे पोकळी पडली आणि आजूबाजूचे तेल ती भरून काढण्यासाठी सरकलेच नाही. परिणामी पंपाने तेलाऐवजी हवा ओढली. इंजिन सुरू होते, परंतु बेअरिंग कोरडी होती. या अनुभवानंतर तेल ४५ तासांहून अधिक काळ हळूहळू थंड करून तपासण्याची पद्धत मानकात आली आणि ती आजही वापरात आहे.

पाण्याचा उगम

दाटपणाचा प्रश्न योग्य तेल निवडून सुटतो. सवयींतून निर्माण होणारा प्रश्न याहून निराळा आहे आणि त्याची सुरुवात पाण्यापासून होते.

पेट्रोल हे प्रामुख्याने कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण असल्याने ते जळल्यावर कार्बन डायऑक्साइडबरोबर पाणीही तयार होते. त्याचे प्रमाण ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होते. इंजिन तापलेले असेल तर ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून निघून जाते. हिवाळ्याच्या सकाळी सायलेन्सरच्या तोंडातून ठिबकणारे पाणी हेच असते.

मात्र ज्वलनातील सर्व वायू सायलेन्सरकडे जात नाहीत. त्यांचा अल्पसा अंश पिस्टन रिंगांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. हे नव्या इंजिनातही घडते. तेथील धातू आणि तेल थंड असतील, तर वाफेचे पाणी होते आणि ते तेलात मिसळते. इंजिन पुरेसे तापले की हे पाणी पुन्हा वाफ होऊन क्रँककेसच्या वायुवीजन नळीतून बाहेर पडते आणि इंजिनातच जळून जाते. म्हणजे इंजिनाजवळ स्वतःची साफसफाई करण्याची व्यवस्था आहे, पण ती उष्णतेवर चालते. ती उष्णता मिळण्याआधीच गाडी बंद झाली, तर पाणी तेथेच राहते आणि दुसऱ्या दिवशी त्यात नव्या पाण्याची भर पडते.

येथे एक बारकावा लक्षात ठेवला पाहिजे. डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा रेडिएटरच्या पाण्याचे तापमान दाखवतो; तेलाचे नाही. काटा मध्यावर आला तरी चेंबरमधील तेल कोमटच असते. त्याला पूर्ण तापमान गाठण्यास बहुधा बराच अधिक वेळ लागतो आणि कडाक्याच्या थंडीत त्यासाठी अर्ध्या तासाचा प्रवासही अपुरा पडू शकतो.

इंधनाची भेसळ

दुसरा पाहुणा म्हणजे खुद्द इंधन. द्रवरूप पेट्रोल जळत नाही. त्याची वाफ जळते. थंड इंजिनात पेट्रोलचा मोठा भाग वाफ न होता थेंबांच्या रूपात राहतो. म्हणून इंजिन सुरू राहावे यासाठी सुरुवातीच्या काही मिनिटांत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडावे लागते. जुन्या गाड्यांत हे काम चोक ओढून होत असे, आता संगणक ते स्वतःच करतो. हे जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन टाकते आणि रिंगांवाटे चेंबरमध्ये झिरपते. ज्या इंजिनात पेट्रोल थेट ज्वलनकक्षात फवारले जाते, तेथे फवारा थंड भिंतीवर आदळण्याची शक्यता अधिक असते.

पेट्रोल मिसळले की तेल पातळ होते. पाच टक्क्यांच्या आसपास भेसळ झाली, तर ३० दाटपणाचे तेल खालच्या, म्हणजे २० च्या पायरीवर येऊ शकते. अशा तेलाचा थर बेअरिंगवरील भार पेलण्यास दुबळा पडतो. सकाळी तेल थंडीने दाट असते आणि पुढे इंजिन तापल्यावर पेट्रोलमुळे प्रमाणापेक्षा पातळ होते. अशा रीतीने दोन्ही टोकांचा त्रास एकाच तेलाला सोसावा लागतो.

पेट्रोलमधील घटक साधारण ३० ते २१० अंशांच्या दरम्यान उकळतात. त्यामुळे तेल चांगले तापले, तर त्यातील हलके घटक उडून जातात आणि तेल बऱ्याच अंशी सावरते. डिझेलचे तसे नाही. त्याचे घटक साधारण १८० ते ३६० अंशांच्या पट्ट्यात उकळतात आणि तेलाचे तापमान सहसा तेथवर जात नाही. म्हणून तेलात एकदा उतरलेले डिझेल बव्हंशी तेथेच राहते.

इथेनॉल मिश्रित पेट्रोलचाही येथे विचार करावयास हवा. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, शिवाय ते पाण्यात सहज मिसळते. थंड इंजिनात दोन्ही गोष्टी अडचणीच्या ठरतात. अमेरिकेत २०१० मध्ये लागू झालेल्या ‘जीएफ-५’ या तेलमानकात पाणी व इथेनॉलयुक्त इंधन मिसळल्यावर तेल ते मिश्रण वेगळे न होऊ देता धरून ठेवते की नाही, याची स्वतंत्र चाचणी घालण्यात आली, ती याच कारणाने. पाणी वेगळे होऊन तळाशी साचणे हे तेलात विखुरलेल्या पाण्यापेक्षा घातक असते.

आम्ल, गंज आणि गाळ

पाणी आणि अर्धवट जळलेले इंधन एकत्र आले की पुढची साखळी सुरू होते. ज्वलनात तयार झालेली नायट्रोजनची ऑक्साइडे पाण्यात विरघळून आम्ल बनते. इंधनातील गंधकापासूनही आम्ल तयार होते. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानकांनुसार इंधनातील गंधक दशलक्ष भागांत १० भागांवर आल्याने हा त्रास पूर्वीपेक्षा बराच कमी झाला आहे. परंतु नायट्रोजनची आम्ले तशीच राहिली आहेत. तेलातील आम्लनाशक पूरके त्यांच्याशी झुंजताना खर्ची पडतात. ती संपत आली की टॅपेट, कॅमशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यावर गंज चढू लागतो.

अमेरिकेत तेलांना मान्यता देण्यापूर्वी गंजाची जी इंजिन-चाचणी पूर्वी घेतली जाई, तिच्यात हिवाळ्यातील लहान फेऱ्यांचीच परिस्थिती प्रयोगशाळेत उभी केलेली असे. तेलाची खरी परीक्षा कोठे असते, हे त्यावरून कळते. वेगाने धावणाऱ्या गाडीत ते उष्णतेशी झगडते. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत त्याला गंजाशी आणि गाळाशी झगडावे लागते.

गाळ म्हणजे पाणी, इंधनाचे अवशेष, काजळी आणि थकलेले तेल यांचे लगद्यासारखे मिश्रण. त्याची पहिली पायरी म्हणजे तेल भरण्याच्या झाकणाखाली दिसणारी पिवळसर पांढरी साय. केवळ झाकणाला ती लागली असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. तो भाग इंजिनात सर्वांत थंड असल्याने वाफ प्रथम तेथे जमते. मात्र हीच साय डिपस्टिकवर दिसू लागली, तर दुर्लक्ष करू नये. गाळ पुढे तेलाच्या अरुंद वाटा आणि पंपाच्या तोंडावरील जाळी यांत अडकतो. कॅनडासारख्या देशांत आणखी एक संकट उद्भवते. वायुवीजन नळीतील ओलावा गोठून नळी बंद होते, क्रँककेसमधील दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून तेल बाहेर फेकले जाते.

चालकाच्या सवयी

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सवय लहान फेऱ्यांची. एक साधा हिशेब पाहू. मुलांना शाळेत सोडणे, परत येणे, सायंकाळी बाजारात जाणे आणि परत येणे, अशा चार फेऱ्या प्रत्येकी तीन किलोमीटरच्या धरल्या, तर दिवसाला १२ किलोमीटर होतात. हिवाळ्याच्या १२० दिवसांत हे अंतर १,४४० किलोमीटर भरते आणि इंजिन ४८० वेळा थंड किंवा अर्धथंड अवस्थेत सुरू होते. आता समृद्धी महामार्ग घ्या. नागपूरपासून मुंबईलगतच्या आमणेपर्यंत त्याची लांबी ७०१ किलोमीटर आहे. या मार्गाने एकदा जाऊन येणाऱ्या गाडीचे अंतर जवळजवळ तेवढेच, १,४०२ किलोमीटर भरते, पण तिचे इंजिन बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच सुरू होते आणि प्रवासाचा बहुतेक काळ तेल पूर्ण तापलेले असते. मीटरवर दोन्ही गाड्या सारख्याच वापरलेल्या दिसतात. चेंबरमधील तेल मात्र वेगळीच कहाणी सांगेल.

दुसरी सवय गाडी उभी ठेवून तापवण्याची. जुन्या कार्बोरेटरच्या काळात तिला काही अर्थ होता. आजच्या इंजिनात ती उपायापेक्षा अपाय अधिक करते. भार नसलेले इंजिन फार सावकाश तापते आणि तेवढा सारा वेळ त्यात जास्तीचे पेट्रोल जात राहते. अमेरिकी सरकारच्या इंधन बचतीविषयक माहितीनुसार बहुतेक उत्पादक थंडीत सुमारे ३० सेकंदांनंतर गाडी हळुवार चालवण्यास सांगतात. त्याच माहितीत असेही म्हटले आहे की, २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांना शहरात चालणाऱ्या साध्या पेट्रोल मोटारीचे मायलेज सुमारे १५ टक्क्यांनी घटते आणि पाच-सहा किलोमीटरच्या लहान फेऱ्यांत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. हे वाया गेलेले इंधन सगळेच हवेत जात नाही, त्यातील काही वाटा तेलात उतरतो. उत्तर अमेरिकेत घरात बसून बटण दाबून गाडी सुरू करण्याची सोय लोकप्रिय आहे. तेथील मराठी बांधवांनी ही सोय मिनिटभरापुरतीच वापरणे हितकर.

तिसरी सवय थंड इंजिनाला जोराने रेस देण्याची. तेल सर्व वाटांमधून नीट फिरू लागण्यापूर्वी भार वाढला, तर झीज होते. झीजरोधक पूरकांचा संरक्षक थरही उष्णता आणि दाब मिळाल्यावरच चांगला तयार होतो. म्हणून पहिली काही मिनिटे गाडी चालती, पण मध्यम वेगात असावी.

चौथी सवय आपल्याकडील गॅरेजांतून आलेली आहे. इंजिन उन्हाळ्यात तापते म्हणून थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकणे. थर्मोस्टॅट ही पाण्याच्या वाटेवरील झडप असून इंजिन तापेपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते. ती काढली की पाणी पहिल्या क्षणापासून थंड होत राहते आणि हिवाळ्यात इंजिन कधी धड तापतच नाही. उघड्या स्थितीत अडकलेला थर्मोस्टॅटही हेच नुकसान करतो. हिवाळ्यात तापमानाचा काटा सतत खालीच राहत असेल, तर प्रथम याची तपासणी करावी.

उत्तर चीनमधील धडा

ही बाब किती गंभीर होऊ शकते, हे २०१८ मध्ये चीनमध्ये दिसले. तेथील उत्तर भागातील कडाक्याच्या थंडीत होंडाच्या दीड लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाच्या ‘सीआर-व्ही’ व ‘सिव्हिक’ या गाड्यांत तेलाची पातळी वाढत असल्याच्या आणि तेलाला पेट्रोलचा वास येत असल्याच्या तक्रारी आल्या. साडेतीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची योजना जाहीर झाली. परंतु चिनी नियामकांनी ती अपुरी ठरवली आणि मार्चमध्ये नव्या ‘सीआर-व्ही’ची विक्री काही काळ थांबवावी लागली. पुढे अमेरिका व कॅनडातील थंड प्रदेशांतही अशा गाड्यांसाठी संगणकप्रणालीत बदल करून देण्यात आले. लहान आकाराची, थेट फवाऱ्याची आधुनिक इंजिने कमी उष्णता वाया घालवतात, हा त्यांचा गुणच आहे. परंतु त्यामुळे ती सावकाश तापतात. त्यात थंडी आणि लहान फेऱ्यांची भर पडली की तेलावर ताण येतो.

डिझेल गाड्यांचा वेगळा प्रश्न

भारत स्टेज-६ नंतरच्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की इंजिन जास्तीचे डिझेल सोडून फिल्टरचे तापमान वाढवते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी अनेक गाड्यांत सिलिंडरमध्येच उशिराने डिझेल फवारले जाते आणि त्यातील काही भाग भिंतीवरून तेलात उतरतो. हे काम पूर्ण होण्यास सलग काही मिनिटे वेगाने गाडी चालावी लागते. लहान फेऱ्यांत ते अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते आणि प्रत्येक वेळी तेलात डिझेल वाढत जाते. फिल्टरचा दिवा लागल्यावर गाडी बंद न करता, सुरक्षित असेल तर महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे चालवावी, असे सांगितले जाते ते यासाठीच.

लडाखपासून महाराष्ट्रापर्यंत

भारतात खऱ्या अर्थाने गोठवणारी थंडी हिमालयात असते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये हिवाळ्याच्या रात्री पारा उणे १० ते उणे २० अंशांपर्यंत उतरतो. तेथे २० डब्ल्यू श्रेणीचे तेल मर्यादेला येऊन ठेपते. अशा प्रदेशात डिझेलही गोठते. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल उपलब्ध केले, ते या गरजेतून. चेंबरखाली जाळ करून तेल सैल करण्याची जुनी पद्धत आगीचा धोका ओढवून घेणारी आहे, शिवाय तळाशी असलेले तेल तिने करपते. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत इंजिनाला विजेवर चालणारा हीटर जोडलेला असतो आणि वाहनतळांवर त्यासाठी विजेची सोय असते. इंजिन सुरू होण्यापूर्वीच ते कोमट करण्याचा हा सर्वांत निर्धोक मार्ग होय.

महाराष्ट्रात निफाडसारख्या ठिकाणी थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्या आसपास, क्वचित त्याखालीही जातो. विदर्भातही गारठा असतो. तरी एवढ्या थंडीत १५ डब्ल्यू किंवा २० डब्ल्यू तेलही पंपाला ओढता येते. म्हणजे आपल्याकडे तेल गोठण्याचे भय नाही. परंतु पाणी व पेट्रोल साचण्याचा प्रश्न येथेही आहे आणि तो सर्वाधिक दुचाकींना भेडसावतो. पुष्कळशा स्कूटरच्या इंजिनात तेल जेमतेम पाऊण-एक लिटर असते. मोटारीच्या चार लिटर तेलात ४० मिलिलिटर पेट्रोल मिसळले, तर भेसळ एक टक्का होते; स्कूटरच्या ८०० मिलिलिटर तेलात तेवढेच पेट्रोल पाच टक्के होते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला थर्मोस्टॅटही नसतो. गल्लीतून बाजारापर्यंत आणि परत, एवढेच जिचे आयुष्य आहे, त्या स्कूटरचे तेल म्हणूनच किलोमीटरच्या हिशेबावर सोडता येत नाही.

कसे ओळखावे

डिपस्टिक दर आठवड्याला, गाडी सपाट जागी उभी करून पाहावी. तेल कमी झाले की आपण सावध होतो. हिवाळ्यात ते वाढले, तर अधिक सावध व्हावे. तेल आपोआप वाढत नसते. वाढलेला भाग इंधनाचा किंवा पाण्याचा असतो. याहून फसवी अवस्था म्हणजे पातळी तशीच राहणे. इंजिन जेवढे तेल खाते तेवढेच पेट्रोल आत येते आणि सर्व ठीक असल्याचा भास होतो. तेलाला पेट्रोलचा वास येतो का, ते बोटांना पाण्यासारखे पातळ लागते का, हे पाहावे. डिझेल गाडीत पातळी वरच्या खुणेपलीकडे गेल्यास गाडी चालवत राहू नये, तेल बदलून घ्यावे. झाकणाखालची साय लांबच्या प्रवासानंतरही नाहीशी होत नसेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर गॅस्केट फुटल्याची शंका घेऊन मेकॅनिकला दाखवावे.

काय करावे

तेलाची श्रेणी गाडीच्या पुस्तिकेतून निवडावी. जुन्या इंजिनाला जाड तेल चांगले, या समजुतीने थंड प्रदेशात दाट तेल भरू नये. तेल बदलण्याची मुदत पाहताना त्याच पुस्तिकेतील ‘कठीण वापर’ या सदराखालील सूचना वाचाव्यात. अनेक उत्पादक नेहमीच्या हवामानात आठ किलोमीटरहून कमी आणि शून्याखालील तापमानात सोळा किलोमीटरहून कमी अंतराच्या फेऱ्यांना कठीण वापर समजतात व तेल लवकर बदलण्यास सांगतात. किलोमीटर आणि महिने यांपैकी जी मुदत आधी येईल ती पाळावी. कमी चालणाऱ्या गाडीला महिन्यांची मुदतच लागू होते. लहान फेऱ्यांत हिवाळा गेला असेल, तर तो सरताच तेल व फिल्टर बदलणे श्रेयस्कर.

कामे जोडून करावीत. सकाळी बँक, दुपारी बाजार आणि सायंकाळी औषधे अशा तीन थंड फेऱ्यांपेक्षा एकच सलग फेरी बरी. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्यावी, म्हणजे साठलेले पाणी आणि पेट्रोल उडून जाण्यास वाव मिळेल. केवळ जागा बदलण्यासाठी गाडी सुरू करून लगेच बंद करणे शक्यतो टाळावे. परगावी जाताना ‘बॅटरी उतरू नये’ म्हणून शेजाऱ्यांना किल्ली देऊन रोज पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्यास सांगण्याची रीत आहे. त्यापेक्षा गाडी बंदच राहिलेली तेलासाठी बरी. रात्री गाडी शक्यतो आडोशाला उभी करावी. हायब्रिड गाड्यांचे इंजिन मधूनमधून बंद होत असल्याने तेही पुरते तापत नाही, म्हणून हे सारे नियम त्यांनाही लागू पडतात.

घरातील ज्येष्ठांची, आठवड्यातून दोनदा देवळापर्यंत आणि दवाखान्यापर्यंत जाणारी, जपून वापरलेली गाडी विकत घेताना अनेकजण मीटरवरील लहान आकड्यावर भाळतात. अशा गाडीचे झाकण उघडून आत एक नजर टाकावी आणि तेल शेवटचे कधी बदलले ते विचारावे. वर्षानुवर्षे तेच तेल राहिले असेल, तर कमी किलोमीटर हे तिच्या इंजिनाच्या तारुण्याचे प्रमाणपत्र ठरत नाही. इंजिन ऑइलचे वय किलोमीटरमध्ये जितके मोजावे, तितकेच ते इंजिन किती वेळा थंड अवस्थेत सुरू झाले यातही मोजावे आणि हिवाळ्यात हा दुसरा हिशेब पहिल्याहून महत्त्वाचा मानावा.